पत्र्याखालचा उकाडा : मानखुर्दच्या एका गल्लीतल्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

गल्लीतली घरं मोजून झाली. एकूण ४१. त्यात २७ लोखंडी पत्र्याची, ९ सिमेंटच्या पत्र्याची, ५ स्लॅबची. बहुतेक खोल्या दहा बाय बारा. वर पोटमाळा, तिथे उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं. दुपारी म्हातारी माणसं आणि बाळंतिणी नेमक्या तिथेच निजतात, कारण खाली स्वयंपाक आणि शिवणकाम चालू असतं.

ऊन परतवून लावायला छपरं पांढरी रंगवायची आहेत. हे काम फेब्रुवारीतच हाती घ्यायचं, याचं कारण मुंबईची हवा. मार्चमध्ये जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून कोरडे वारे येतात. समुद्रावरचा वारा एरवी दुपारच्या सुमारास शिरतो. तो लांबला की पारा भराभर चढतो. सांताक्रूझ वेधशाळेतला मार्चचा उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा. एप्रिलचा ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२ चा. एप्रिल उलटला की मामला बदलतो: पारा ३३-३४ वरच राहतो, पण हवेत इतकी ओल असते की अंगावरचा घाम वाळत नाही. हे दोन उकाडे वेगळे, आणि त्यांवरचे उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालवला तर त्रास वाढतो. म्हणून रंगाच्या आधी मोजमाप.

१६ फेब्रुवारी

प्रत्येक पाचव्या घरात दोन साधे तापमापक जोडीने टांगले. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्यावर पांढऱ्या सुती कापडाची बारीक चिंधी गुंडाळली आणि तिचं टोक छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडलं. वाचण्याआधी चिंधीवर तीन-चार मिनिटं हातपंख्याने जोरात वारा घालायचा, पारा उतरायचा थांबला की आकडा लिहायचा. कोरडा आणि ओला या दोन पाऱ्यांतला फरक जितका मोठा, तितका घाम लवकर वाळतो. फरक लहान असेल तर घाम नुसता ओघळतो आणि अंग थंड होत नाही.

चूक कुठे होते ते पहिल्या आठवड्यातच कळलं. नळाचं पाणी वापरलं की चिंधीवर क्षार साठून ती कडक होते, पाणी वर चढत नाही आणि ओला पारा खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरावं आणि दर आठवड्याला चिंधी बदलावी. तापमापक भिंतीला टेकवू नये, चुलीच्या किंवा फ्रिजच्या बाजूला तर मुळीच नको.

पत्र्याचं तापमान मोजायला पिस्तुलासारखा थर्मल गन घेतला. दुपारी एक वाजता नव्या चकचकीत पत्र्यावर धरला तर ३६ अंश दाखवतो, आणि हात लावला तर चटका बसतो. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि गनला त्यात आकाशाचंच प्रतिबिंब दिसतं. उपाय सोपा आहे. वायरमनची काळी टेप चार इंच कापून पत्र्यावर घट्ट चिकटवायची, पाच मिनिटं तापू द्यायची आणि गन टेपवर धरायचा. त्याच पत्र्यावरची टेप ५८ अंशांवर होती. आता प्रत्येक छपरावर अशी एक पट्टी कायम ठेवली आहे. रंगातून तेवढी जागा सुटेल, पण रंगावर नवी पट्टी लावून आधीचे आणि नंतरचे आकडे ताडता येतील. एक ध्यानात ठेवायचं: काळी टेप स्वतःही ऊन पिते, म्हणून आकडा घेताना पट्टीवर दोन मिनिटं पुठ्ठ्याची सावली धरायची.

२२ आणि २३ फेब्रुवारी

साफसफाई. हा भाग कंटाळवाणा, पण रंग टिकतो की पोपडे येतात ते इथेच ठरतं.

छपरावर चढणारा माणूस पत्र्यावर पाय देत नाही. दोन वाशांवर टेकेल अशी नऊ फुटी फळी आडवी टाकायची आणि तिच्यावरूनच चालायचं. सिमेंटचा जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि मधोमध पाय पडला की माणसासकट खाली येतो. पत्र्याला खिळलेले जे-हुक ज्या ओळीत दिसतात, त्या ओळीखाली वासा असतो. ही एवढी खूण.

लोखंडी पत्र्यावरचे टायर, दगड, जुनी ताडपत्री उतरवली. गंज वायर ब्रशने घासला, मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतलं. नव्या पत्र्यावर कारखान्यातल्या तेलाचा पातळ थर असतो, तो सोड्याशिवाय जात नाही आणि त्याच्यावर रंग धरत नाही. हुकाखालचा रबरी वायशर बोटाने दाबून बघितला. चिरलेला असेल तर आत्ताच बदलायचा, कारण पावसाचं पाणी त्याच चिरेतून रंगाच्या खाली शिरतं.

सिमेंटच्या पत्र्याला वायर ब्रश लावायचा नाही. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, सुका घासला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे अडकतात. आधी पाणी मारून चिंब करायचा, मऊ केरसुणीने शेवाळ काढायचं, मास्क लावायचा, काढलेला चिखल ओला असतानाच पिशवीत बांधायचा. तुटका पत्रा कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. या नऊ घरांच्या साफसफाईला दीड दिवस गेला आणि तो सार्थकी लागला.

१ आणि २ मार्च

रंगाचा हिशोब. खोली दहा बाय बारा असली तरी पागोळ्या धरून छप्पर साधारण १४० चौरस फूट भरतं. नागमोडी पत्र्याचा खरा पृष्ठभाग त्याहून जास्त, म्हणून १६० धरले. छपरासाठीचा पांढरा परावर्तक अ‍ॅक्रिलिक रंग दोन हात मारले की आमच्या पत्र्यांवर लिटरमागे ४० चौरस फूट पुरला. म्हणजे घरामागे चार लिटर. लोखंडाला आधी धातूचा प्रायमर, सिमेंटच्या पत्र्याला सिमेंटचा. प्रायमर वाचवायचा मोह होतो. एका घरावर नुसता रंग मारून बघितला, तर आठवड्याने नखाने पापुद्रा निघाला.

वेळ महत्त्वाची. पहाटे पत्र्यावर दव असतं, त्यावर रंग मारला की फुगे येतात. साडेसातला कोरड्या फडक्याने पुसून सुरुवात करायची आणि दहाला थांबायचं. त्यानंतर पत्रा इतका तापतो की रोलर फिरेपर्यंत रंग सुकतो, नीट बसत नाही आणि हात फिरवला तर पावडर निघते. दुसरा हात चारनंतर, पहिल्याच्या आडव्या दिशेने. रंग जास्त पुरावा म्हणून पाणी वाढवू नये. पातळ थरातून खालचा पत्रा दिसतो, आणि जेवढा पत्रा दिसतो तेवढं ऊन आत जातं.

रंगवणाऱ्यांना वरून ऊन आणि खालून पांढऱ्या पत्र्यावरून उलटून आलेलं ऊन, असं दोन्हीकडून भाजतं. काळा चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि दर वीस मिनिटांनी एक पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. दोघं वर असतील तर एक खाली फळी धरून आणि वर नजर ठेवून.

स्लॅबच्या पाच घरांना महागडा रंग दिला नाही. चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, डिंकाचं पाणी घालून दोन हात मारले. चुना डोळ्यात उडाला तर लगेच पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवायचा, चोळायचा नाही. पावसात तो जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागणार. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना धरत नाही, चार दिवसांत झडतो.

९ मार्च

पहिले ताळे. दुपारी दोनला न रंगवलेल्या पत्र्याची आतली बाजू ५५, शेजारच्या रंगवलेल्याची ४१. पोटमाळ्यावर डोक्याच्या उंचीला हवा साडेतीन अंशांनी कमी. हवेच्या आकड्यापेक्षा जास्त फरक अंगाला जाणवतो, कारण तापलेला पत्रा तव्यासारखी धग डोक्यावर सोडत असतो. ती धग थांबली.

रात्री अकराच्या आकड्यांत मात्र दोन्ही घरांत काहीच फरक नाही. पातळ पत्रा सूर्य मावळल्यावर तसाही लवकर निवतो. रात्रीचा उकाडा छपराचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे. म्हणजे रंगाचं काम दुपारपुरतं, आणि रात्रीसाठी दुसरं काम करावं लागेल. छप्पर रंगवलं म्हणजे झालं, असं गल्लीत कुणाच्या मनात राहू नये.

१३ मार्च

सकाळी सात वाजता हवामान खात्याचा पिवळा इशारा. किनाऱ्यावरच्या केंद्रासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष असा: कमाल तापमान किमान ३७, आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त. दुपारी एकला गल्लीतल्या पोटमाळ्यावर कोरडा पारा ३७, ओला २२. फरक १५ अंश. हवा कोरडी आहे, म्हणजे आज पाणी कामाला येणार.

आज चालणारे उपाय: दारात ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा, जमिनीवर पाणी शिंपडणं, अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसणं. नुसता पंखा कोरड्या अंगावर पुरेसा नाही, विशेषतः म्हाताऱ्यांना, कारण त्यांना घामच कमी सुटतो आणि ३७ च्या वर पंखा अंगावर गरम हवाच टाकत राहतो. म्हणून आधी अंग ओलं, मग पंखा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून कापड लावा. आतून लावलेला पडदा ऊन घरात घेऊन मग अडवतो.

पोटमाळा दुपारी बारा ते पाच रिकामा. माणसं खाली, शिवणयंत्र बाजूला. कुकर सकाळी नऊच्या आत उतरवायचा. हे ठरवताना घराघरांत वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. दुपारचा स्वयंपाक हलवणं म्हणजे घरातल्या बाईचा सगळा दिवस हलवणं.

२३ मार्च

गल्लीच्या तोंडाशी पाणपोई. तीन माठ, प्रत्येकी वीस लिटर, वडाच्या सावलीत. पाणी सकाळच्या नळाचं, गाळून, जागच्या जागी क्लोरीनच्या गोळ्या टाकून, पाकिटावर लिहिलेल्या मापाने. माठाला खाली तोटी. पेला बुडवून घ्यायची सोय ठेवली की दुपारपर्यंत पाणी गढूळ होतं.

ओआरएसचं प्रमाण फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं: एक पाकीट, एक लिटर पाणी. अर्धं पाकीट एका पेल्यात घालून प्यायची पद्धत सर्रास आहे. ती चुकीची आणि लहान मुलांना धोक्याची. मीठ जास्त झालं तर शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. ताक, पन्हं, कोकम सरबत चांगलंच, मीठ घातलेलं. रोजच्या चालण्या-फिरण्याला साधं पाणी पुरतं. ओआरएस तासन् तास घाम गाळणाऱ्याला आणि उलट्या-जुलाब झालेल्याला. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

उन्हात हमाली करणाऱ्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. दीड लिटरच्या वर एका तासात नको, नुसतं पाणी ढोसल्यानेही रक्तातलं मीठ घसरतं.

एक गोष्ट फलकाने सुटत नाही. नाक्यावर आणि बाजारात बसणाऱ्या बायका दुपारभर पाणी पीत नाहीत, कारण शौचालय लांब, पैसे घेणारं आणि घाण. त्यांना ‘पाणी प्या’ सांगणं अर्धवट आहे. पाणपोईशेजारच्या दोन घरांनी दुपारी आपली मोरी उघडी ठेवायचं कबूल केलं. त्या दिवसापासून माठ एकऐवजी दोनदा भरावा लागतो.

६ एप्रिल

घरोघर नोंदवही. एकटं राहणारं कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, सहा महिन्यांच्या आतलं बाळ कुठे, गरोदर कोण, गच्चीवर किंवा गाडीवर काम करणारं कोण. गोळ्यांची पिशवी प्रत्यक्ष बघायची. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची औषधं आणि मानसिक आजारावरची काही औषधं उन्हाशी झुंजायची शरीराची ताकद कमी करतात. गोळी आपल्या मनाने बंद करायला सांगायची नाही. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये पिशवी घेऊन जायला सांगायचं. अशी ११ माणसं निघाली. इशाऱ्याच्या दिवशी त्यांच्याकडे दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला कुणीतरी जाणार. दारातून हाक मारून परतायचं नाही, आत जाऊन दोन वाक्यं बोलायची. बोलण्यात नेहमीपेक्षा गोंधळ वाटला तर तीच पहिली खूण.

१० एप्रिल

१४ तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीची बैठक. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. तिथे बसलेली माणसं मेहनतीचं काम करत नव्हती. नुसती उन्हात तासन् तास बसलेली होती. हे मंडळाच्या मुलांसमोर स्पष्ट मांडलं. मिरवणूक संध्याकाळी पाचला निघणार. लेझीम आणि ढोलाच्या पथकांना दर अर्ध्या तासाने सावलीत दहा मिनिटं. दोन पाण्याच्या गाड्या, एक पुढे, एक मागे.

१९ एप्रिल

उष्माघाताची रंगीत तालीम. या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची.

ओळखायचं कसं: अंग तापलेलं आणि डोकं ताळ्यावर नाही. बरळणं, चिडचिड, झोकांड्या, झटका, शुद्ध जाणं. ‘घाम थांबला की उष्माघात’ हे ऐकीव आहे. काम करताना कोसळलेल्याला घाम सुटलेला असू शकतो. कपाळावर धरायचा गन किंवा काखेतला थर्मामीटर बघत बसू नये, उन्हातून आलेल्याच्या बाबतीत दोन्ही फसवतात. चक्कर, पेटके, मळमळ आहे पण बोलणं शाबूत आहे, तर सावली, पाय उंच, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात सावरलं नाही किंवा बोलणं बिघडलं, तर तो उष्माघात.

एकाने १०८ ला फोन. पत्ता सांगताना गल्लीचं नाव नाही, रुग्णवाहिका जिथे खरोखर पोचते त्या नाक्याचं नाव. आमची गल्ली चार फुटी, गाडी दीडशे पावलांवर थांबते. बाकीच्यांनी तोवर थंड करायला लागायचं. आधी थंड, मग प्रवास. शरीर चाळिशीच्या वर जितका वेळ राहील तितका मेंदू आणि मूत्रपिंड भाजतात. पहिल्या अर्ध्या तासात उतरवायचं.

नुसतं टमरेलाने ओतून बघितलं. मिनिटाला सहा टमरेलं, म्हणजे सहा लिटर. अर्ध्या तासाला १८० लिटर लागतात, आणि ते सगळं गटारात जातं. दुपारी एवढं पाणी या गल्लीत कुणाकडे नसतं. मग ताडपत्रीचा प्रकार केला. प्रत्येक छपरावरून उतरवलेली निळी ताडपत्री होतीच. चौकात ती पसरायची, माणसाला मधोमध उताणं ठेवायचं, अंगावरचे जाड कपडे काढायचे. सहा जणांनी कडा कमरेएवढ्या उचलून धरायच्या, डोक्याकडची बाजू जास्त उंच. त्यात पाच-सहा कळशा पाणी आणि फोडलेला बर्फ. मग पाळण्यासारखं हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवायचं, पाणी अंगावरून सतत फिरत राहिलं पाहिजे. एक जण फक्त डोकं धरून असतो, नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून, आणि श्वास बघत राहतो. बर्फाची लादी मासळीबाजारातल्या गाळ्यावरून दहा मिनिटांत येते. ती येईपर्यंत थांबायचं नाही, साध्या पाण्यानेच सुरू करायचं.

तालमीत चुकलं ते: कडा धरणाऱ्यांचे हात पाच मिनिटांत घसरले. आता दोन्ही लांब कडांत एकेक बांबू गुंडाळून ठेवला आहे. आणि ताडपत्रीला भोकं होती, ती चिकटवून घेतली.

शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालायचं नाही. उलटी आली तर कुशीवर. पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नये, हा ताप त्या गोळीने उतरत नाही आणि यकृताला आधीच मार बसलेला असतो. तळपायाला कांदा चोळण्यात गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत.

११ मे

रात्री अकरा. कोरडा ३१.५, ओला २८. फरक साडेतीन. मार्चमधली ओली गोणपाटं आज दारावरून काढायला लावली. या हवेत ती सुकत नाहीत, खोलीत वाफ तेवढी वाढवतात. कूलर लावलेल्या एका घरात ओला पारा शेजारच्या घरापेक्षा जास्त भरला. आज ३४ अंश आणि ७० टक्के ओल अंगाला ४६ च्या आसपास लागते, आणि तरी ही उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येत बसत नाही. खातं ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतं. तो आला की नोंदवहीतल्या अकरा घरांच्या फेऱ्या लाटेसारख्याच चालू.

या दिवसांत भरवसा वाऱ्यावर. २० घरांत मोरीच्या वर नऊ इंची एक्झॉस्ट बसवला, हवा बाहेर फेकणारा. दाराच्या खालच्या फळीला जाळी कापली, म्हणजे गल्लीतली हवा खालून आत आणि गरम हवा वरून बाहेर. जाळी नसेल तर पंखा नुसता गुरगुरतो, हवा येणार कुठून? झोपण्याआधी अंघोळ, अंग न पुसता पंख्याखाली.

विजेचं: एका मीटरवरून तीन घरांना वायर ओढलेली असते. पंखा, एक्झॉस्ट, फ्रिज एकदम चालले की जोड तापतो. सहा ठिकाणी टेप गुंडाळलेले जोड काढून वायरमनकडून नीट पट्टी बसवून घेतली.

१ जून

गल्लीत पावसाची तयारी. छपरांवर धुळीचा करडा थर बसला आहे. बोट फिरवलं की खाली पांढरं निघतं. मार्चमध्ये ४१ वर असलेली पत्र्याची आतली बाजू आता ४५ च्या पुढे जाते. झाडू आणि पाण्याने धुतलेल्या दोन छपरांवर ती ४२ ला आली. म्हणजे मार्च आणि एप्रिलच्या शेवटी एकेकदा धुणं वेळापत्रकात टाकायचं.

पाच छपरांवर हुकाभोवती रुपयाएवढे पोपडे. पाचही ठिकाणी वायशर जुनाच राहिला होता. ताडपत्री टाकण्याआधी ते बदलायचे, भोवतीचा रंग खरवडून प्रायमर आणि एक हात. ताडपत्रीवर दगड ठेवताना खाली गोणपाटाची घडी, नाहीतर रंग घासला जातो. बांबू गुंडाळलेली ताडपत्री मात्र कुठल्याही छपरावर जाणार नाही. ती पाणपोईच्या पेटीत, ऑक्टोबरच्या उन्हासाठी.